यंत्रलिपीचा पदच्छेद

ज्या घरांतील मुले-मुली संगणकाच्या नोकरीस लागली आहेत, अशी घरे आता इंदूर-ग्वाल्हेरपासून बडोदे-हैदराबादेपर्यंत आपल्या समाजात थोडीथोडकी नाहीत. दिवाळीस ही मंडळी घरी आली की आजोबा हटकून विचारतात, "काय रे, दिवसभर त्या पडद्यासमोर बसून तू नेमके करतोस तरी काय?" उत्तर येते, "डीबगिंग, आजोबा." यापुढे ते संभाषण सहसा सरकत नाही. आजोबांना वाटते, नातवाने टाळले. नातवास वाटते, सांगून समजायचे नाही. वास्तविक या धंद्यात नवे लिहिण्याइतकाच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, काळ लिहिलेल्यातील दोष हुडकण्यात जातो. आणि ते हुडकण्याचे हत्यारही कोणीतरी घडवावे लागते, घडवल्यावर ते खरे बोलते की नाही हे पारखावे लागते. अशाच एका हत्याराची हकिगत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही भाषेचे अध्यापक, यंत्राचे नव्हे; परंतु हा विषय जवळून पाहू लागल्यावर तो आम्हांस आपल्याच प्रांतातला, म्हणजे हरवलेला अर्थ लिपीतून परत मिळवण्याचा, वाटू लागला.

'बग' म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्डच्या 'मार्क टू' या अवाढव्य गणकयंत्रात खरोखरीचा पतंग सापडला आणि तो तेथील नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला, ही कथा पुष्कळांनी ऐकली असेल. शब्द मात्र त्याहून जुना आहे. एडिसनने १८७८ मधील पत्रात यंत्रातील बारीकसारीक दोषांसाठी तो वापरला होता. असो.

माणूस संगणकासाठी आज्ञावली लिहितो ती सी, सी प्लस प्लस, रस्ट अशा भाषांत. त्या भाषांत शब्द असतात, नावे असतात. 'व्याज काढ, ते मुद्दलात मिळव' असे माणसास उमगेल अशा रीतीने ती लिहिता येते. यंत्रास या नावांचे काही सोयरसुतक नाही. म्हणून कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली या मजकुराचे यंत्रलिपीत रूपांतर करते. रूपांतर होताना 'व्याज' आणि 'मुद्दल' ही नावे गळून पडतात; उरते ते एवढेच, की चौथ्या खणातील अंक पाचव्या खणातील अंकात मिळवा. काम तेच होते, वेगाने होते; पण काही चुकले, तर चौथ्या खणात काय होते हे कोणास विचारायचे?

आपल्या पूर्वजांची दफ्तरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही अडचण अपरिचित वाटू नये. मोडी ही वेगाची लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि हात न उचलता लिहीत जायचे. त्या वेगासाठी तिने दोन गोष्टी सोडल्या. शब्दाशब्दांमधले अंतर सोडले, आणि इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ सोडले. लिहिणाऱ्यास आणि त्याच्या समकालीन वाचणाऱ्यास त्याने काही अडत नसे. शंभर वर्षांनी रुमाल सोडणाऱ्यास मात्र 'दिन' की 'दीन' हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. महाजनी लिपीत आलेल्या पत्रातील 'काकाजी अजमेर गये' हे 'काकाजी आज मर गये' असे वाचून घरात रडारड झाल्याचा विनोद माळव्यातील वाचकांस सांगावयास नकोच. विनोद असला, तरी त्यात एक गोष्ट गंभीर आहे. पत्र वाचता आले नसते, तर शेजाऱ्यास विचारले असते. चुकीचे वाचले गेले म्हणूनच सुतक धरले गेले. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचा रोख याच फरकाकडे आहे.

आता ब्राउझरकडे वळू. ज्या चौकटीतून आपण रेल्वेचे आरक्षण करतो किंवा पंचांग पाहतो, ती चौकट म्हणजे ब्राउझर. त्यास दीर्घ काळ एकच आज्ञाभाषा कळत असे, ती म्हणजे १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत आकारास आणलेली जावास्क्रिप्ट. ती मूळ मजकुराच्या रूपातच ब्राउझरकडे येई, त्यामुळे दोष शोधणे तुलनेने सोपे होते. परंतु ज्या मोठ्या आज्ञावली वर्षानुवर्षे सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिल्या गेल्या होत्या, त्यांना या चौकटीत प्रवेश नव्हता. मोझिला संस्थेत अलोन झकाई यांनी 'इमस्क्रिप्टेन' हा कंपायलर सुरू केला, २०१३ मध्ये 'एएसएम डॉट जेएस' ही जावास्क्रिप्टची काटेकोर पोटभाषा आली, आणि २०१५ मध्ये 'वेबअसेम्ब्ली' या नव्या यंत्रलिपीची घोषणा झाली. २०१७ अखेर चारही प्रमुख ब्राउझर ती वाचू लागले. ५ डिसेंबर २०१९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. १९८२ साली बाजारात आलेले, स्थापत्यविशारदांच्या नित्य उपयोगातील ऑटोकॅड या मार्गाने २०१८ मध्ये ब्राउझरात उतरले, आणि २०२१ मध्ये फोटोशॉपही.

दार उघडले, पण दाराशी दिवा नव्हता. एवढी प्रचंड आज्ञावली ब्राउझरात चालताना अडखळली, तर कामगारास पडद्यावर दिसे ती केवळ यंत्रलिपी. त्याने स्वतः लिहिलेल्या मजकुराचा तेथे मागमूस नसे. यावर पहिला उपाय होता तो 'सोर्स मॅप' या नकाशाचा. यंत्रलिपीतील अमुक स्थान मूळ मजकुरातील तमक्या ओळीचे, एवढे तो सांगतो. ओळ कळली, पण त्या ओळीवर 'व्याज' किती होते ते नकाशास ठाऊक नसते. तो मुक्काम दाखवतो, मुक्कामी उतरलेला माणूस दाखवत नाही.

त्यासाठी जी नोंदवही लागते ती ब्राउझरच्या जन्माआधीपासून उपलब्ध होती. १९८० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीसाठी 'एल्फ' नावाची फायलीची बांधणी ठरली. तिच्या जोडीची दोषशोधनाची नोंद म्हणून 'ड्वॉर्फ' आले. युरोपीय लोककथांतील या दोन प्रकारच्या बुटक्या जीवांची जोडी जमवण्याची ही थट्टा होती, नावामागे दुसरा अर्थ नव्हता. त्या नोंदवहीची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

ड्वॉर्फची रचना कुलवृत्तांतासारखी आहे. सर्वांत वर एक मूळ फाइल, तिच्या पोटी फंक्शने, म्हणजे आज्ञांचे स्वतंत्र गट, फंक्शनच्या पोटी त्याची चले, म्हणजे 'व्याज', 'मुद्दल' यांसारखी बदलत्या किमतींची नावे, शेजारी भावंडे. प्रत्येक नोंदीस नाव, प्रकार आणि ठिकाण. यांतील ठिकाणाची नोंद आम्हांस विशेष मनोरंजक वाटली. एखादे चल सगळा वेळ एकाच जागी राहत नाही. भाड्याच्या घरांतून बिऱ्हाडे हलावीत तसे ते हलते. म्हणून नोंद अशी असते की, या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंतची आज्ञा चालू असताना ते तिसऱ्या खणात सापडेल, त्यापुढे काही काळ स्मृतीतील अमक्या घरात, आणि त्यानंतर कोठेच नाही. ओळींचा तक्ता तर याहून चतुराईचा. लाखो ओळी आणि लाखो पत्ते सरळ लिहून ठेवले, तर नोंदवही मूळ ग्रंथापेक्षा फुगेल. म्हणून तेथे तक्त्याऐवजी तक्ता उलगडण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात: पत्ता तीनने पुढे, ओळ एकने पुढे, आता नोंद कर.

डिसेंबर २०१९ मध्ये गुगलच्या क्रोम ब्राउझरने आपल्या शोधनसाधनांत या नोंदवहीतील ओळींचा भाग वाचण्याची सोय केली. मूळ मजकुरात थांबा घालता येऊ लागला, एकेक पाऊल टाकत पुढे जाता येऊ लागले. थांबा म्हणजे 'या ओळीशी आलास की उभा राहा' असा हुकूम. चलांच्या किमती वाचण्याची सोय वर्षभराने, डिसेंबर २०२० मध्ये आली, ती एका स्वतंत्र एक्स्टेन्शनच्या रूपाने. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरास मागाहून जोडता येणारी पडवी. ज्यास गरज असेल त्याने ती बांधून घ्यावी. ज्यास पंचांग पाहावयाचे आहे त्याच्या डोक्यावर तिचा भार नको. हा निर्णय आम्हांस शहाणपणाचा वाटतो, कारण ड्वॉर्फ वाचणे हे हलके काम नाही.

ते काम नव्याने करण्यात अर्थही नव्हता. इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या 'एलएलव्हीएम' या कंपायलर-प्रकल्पाच्या कुटुंबात 'एलएलडीबी' हा डीबगर आधीपासूनच आहे आणि त्यास ही नोंदवही उत्तम वाचता येते. तो सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला. तेव्हा बांधणाऱ्यांनी त्याचे हवे ते भाग उचलले आणि ते वेबअसेम्ब्लीतच कंपाइल करून ब्राउझरात आणले. म्हणजे जी लिपी वाचावयाची, त्याच लिपीत वाचणाराही लिहिला गेला.

ब्राउझर आणि हे एक्स्टेन्शन यांच्यातील व्यवहार प्रश्नोत्तरांचा आहे. ब्राउझर विचारतो, "अमक्या पत्त्यावर मी उभा आहे, ही मूळची कोणती ओळ?" उलट दिशेने, "या ओळीवर थांबा हवा, कोणकोणत्या पत्त्यांवर घालू?" दुसरा प्रश्न पहिल्यासारखा दिसला, तरी त्याचे उत्तर बहुधा अनेकवचनी असते. आवर्तनाची एकच ओळ यंत्रलिपीत तीन ठिकाणी विखुरते: आरंभ, कसोटी आणि पुढचे पाऊल. त्यांतील एकाच ठिकाणी थांबा घातला, तर आवर्तन फिरत राहील आणि कामगार तो लागण्याची वाट पाहत बसेल. तिसरा प्रश्न, "येथे कोणकोणती चले दृष्टीच्या टप्प्यात आहेत?" आणि चौथा, सर्वांत अवघड, "त्यांच्या किमती काय?"

अवघड अशासाठी, की स्मृतीत केवळ अंक असतात; त्यांचा अर्थ प्रकारावरून ठरतो. १०७८५३००११ हा अंक पूर्णांक म्हणून वाचला तर एक अब्जाहून मोठी रक्कम. तेच बत्तीस बिट अपूर्णांकाच्या रीतीने वाचले तर ३.१४१५९२७, म्हणजे वर्तुळाचा पाय! ४२९४९६७२९५ हे चिन्हासह वाचल्यास उणे एक. आपल्या भाषेचेच उदाहरण घ्यावे. 'मराठी' या शब्दात आपल्या कानास अक्षरे तीन. युनिकोडच्या हिशेबाने काने-वेलांट्या धरून चिन्हे पाच. यूटीएफ-८ या रूढ पद्धतीने स्मृतीत तो शब्द पंधरा खण व्यापतो. त्यांतील पहिल्या तीन खणांत एकटा 'म' बसलेला असतो: २२४, १६४, १७४. तेच खण चिन्हासह वाचणाऱ्यास ते उणे ३२, उणे ९२, उणे ८२ असे दिसतात. ज्या हत्याराने कामगारास 'मराठी' दाखवावयाचे, त्याने उणे ३२ दाखवले, तर ते खोटे नाही, पण उपयोगाचेही नाही. म्हणून प्रत्येक प्रकारासाठी वेगळा मांडणीकार लिहावा लागतो. शब्द शब्दासारखा दिसावा, यादी यादीसारखी.

आता पारखण्याविषयी. येथे आमच्या धंद्यातील माणसास एकदम आपल्या गावी आल्यासारखे वाटते. उत्तरपत्रिका तपासावयाच्या, तर आदर्श उत्तरे आधी हाती हवीत. एक्स्टेन्शनची परीक्षा घेणारेही तसेच करतात. ते मुद्दाम छोट्या छोट्या आज्ञावली लिहितात, ज्यांत अमक्या ओळीवर अमक्या चलाची किंमत किती असणार हे कागदावर सांगता येते. त्या कंपाइल करून ब्राउझरात चालवतात, ओळीवर थांबा घालतात आणि एक्स्टेन्शनने सांगितलेले उत्तर आदर्श उत्तराशी ताडून पाहतात. हे सर्व माणसाच्या हातून नव्हे, आपोआप आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा पुन्हा व्हावे लागते. कारण आजची दुरुस्ती कालचे बरोबर उत्तर बिघडवीत नाही याची शाश्वती दुसऱ्या कशाने मिळत नाही.

सोप्या प्रश्नांत सगळेच उत्तीर्ण होतात. परीक्षकाची बुद्धी अडचणीचे प्रश्न शोधण्यात लागते. ज्याचा पत्ता कोठेच जात नाही असा रिकामा पॉइंटर दिला तर एक्स्टेन्शन कोसळते का? साखळीतील शेवटचा दुवा पहिल्याकडेच वळवला, तर ते अनंतकाळ गोल गोल फिरत बसते, की माणूस मागेल तेवढेच उलगडते? एक फंक्शन कंपायलरने दुसऱ्याच्या पोटात विरघळवून टाकले असेल, तर मूळ मजकुरातील दोन पायऱ्या पडद्यावर दोनच दिसतात का? आणि एक बारीक खोच. वेबअसेम्ब्लीसाठी ड्वॉर्फमधील आज्ञांचे पत्ते फाइलीच्या आरंभापासून मोजत नाहीत, आज्ञांचा विभाग जेथे सुरू होतो तेथून मोजतात. हे विसरले गेले, तर प्रत्येक उत्तर सारख्याच अंतराने सरकते. आणि सारखी सरकलेली उत्तरे पहिल्या नजरेस चुकीची वाटतही नाहीत.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र कंपायलरच्या काटकसरीने निर्माण होतो. दोषशोधनाच्या दिवसांत काटकसर बंद ठेवता येते; लोकांच्या हाती द्यावयाच्या आवृत्तीत ती लागतेच. काटकसरी कंपायलर दोन ओळी एक करतो, क्रम बदलतो, ज्या चलाची पुढे गरज नाही त्याचे बिऱ्हाडच मोडतो आणि त्या खणात दुसऱ्यास राहावयास ठेवतो. अशा वेळी एक्स्टेन्शनला 'व्याज किती?' असे विचारले, तर खणात अंक आहे; तो उचलून दाखवणे अगदी सोपे आहे. पण तो व्याजाचा नाही. प्रामाणिक उत्तर एकच: हे चल काटकसरीत गळाले, येथे त्यास किंमत नाही. कामगारास हे उत्तर आवडत नाही, तो चरफडतो. तरी परीक्षकाने या ठिकाणी अंक दाखवणाऱ्या हत्यारास नापास करावे असे आमचे स्पष्ट मत आहे. उत्तर मिळाले नाही, तर माणूस काटकसर बंद करून पुन्हा कंपाइल करील, अर्धा तास जाईल. खोटे उत्तर मिळाले, तर जेथे दोष नाही तेथे तो चार दिवस खणत बसेल, आणि कदाचित निर्दोष ओळ 'सुधारून' दुसरा दोष पेरील. अजमेरास गेलेल्या काकाजींचे सुतक ते हेच.

वरील परीक्षेतही साक्षीदार एकच असून भागत नाही. आदर्श उत्तरे लिहिणारा आणि एक्स्टेन्शन बांधणारा एकच माणूस असला, तर दोघांची समजूत एकाच ठिकाणी चुकू शकते. यासाठी तीच सी प्लस प्लस आज्ञावली ब्राउझराबाहेर, साध्या संगणकासाठी कंपाइल करून जुन्या, मुरलेल्या डीबगरखाली चालवता येते व उत्तरे ताडता येतात. शिवाय एलएलव्हीएमकडे नोंदवही जशीच्या तशी छापून दाखवणारे वेगळे साधनही आहे. एक्स्टेन्शनचा गाभा स्वतः वेबअसेम्ब्लीत असल्याने त्याचे दोष त्याच्याच भिंगातून पाहण्याचीही सोय आहे. मात्र भिंगासच तडा असेल, तर त्यातून तो तडा दिसेलच असे नाही.

पाहण्याने पाहिली जाणारी वस्तू बदलते, ही आणखी एक मर्यादा. शोधनसाधने उघडताच क्रोम वेबअसेम्ब्लीची वेगवान आवृत्ती बाजूस ठेवून धीमी, पण कोठेही थांबवता येईल अशी आवृत्ती चालवू लागतो. त्यामुळे शोधन चालू असताना मोजलेला वेग हिशेबात धरू नये असे त्याचे कर्तेच सांगतात. वर्गात शिक्षणाधिकारी बसले असताना घेतलेला पाठ कसा होतो, हे आम्हां मंडळींस चांगले ठाऊक आहे.

राहता राहिला नोंदवहीच्या वजनाचा आणि मालकीचा प्रश्न. मोठ्या आज्ञावलीची शोधननोंद मूळ यंत्रलिपीपेक्षा कितीतरी जड होते. ती प्रत्येक ग्राहकाकडे पाठवणे परवडत नाही. म्हणून कंपायलरला सांगून ती वेगळ्या फाइलीत ठेवण्याची, किंवा तुकड्यांत विभागून लागेल तेवढीच उघडण्याची सोय आहे. मजकूर एका यंत्रावर कंपाइल झाला आणि शोधणारा दुसऱ्या यंत्रावर बसला असेल, तर नोंदवहीतील जुना मार्ग नव्या मार्गाशी जोडून देण्याची जागाही एक्स्टेन्शनच्या मांडणीत ठेवलेली आहे. त्या नोंदीत कंपनीच्या अंतर्गत नावांचा आणि मार्गांचा साठा असल्याने ती बाहेर जाऊ नये असेही मालकांस वाटते. परिणामी आपल्या ब्राउझरात जी आज्ञावली चालते, तिची यंत्रलिपी आपल्या घरात असते आणि ती वाचण्याची वही दुसऱ्याच्या कपाटात. ग्राहकाच्या यंत्रावर बिघाड झाला, तर कामगाराकडे येतात ते नुसते पत्ते. आणि ते वाचावयास नेमक्या त्याच आवृत्तीची वही लागते. मागच्या आवृत्तीची वही लावली, तर तीही ओळी दाखवते, नावे दाखवते, सगळे शहाण्यासारखे दाखवते. फक्त त्या ओळी दुसऱ्याच असतात. म्हणून जाणती मंडळी लोकांच्या हाती दिलेल्या प्रत्येक आवृत्तीबरोबर तिची वही खूण घालून वेगळी जपून ठेवतात, आणि ती आवृत्ती कोणाच्याही यंत्रावर चालू असेपर्यंत टाकून देत नाहीत.